विहाराच्या अंगणातले पाच पट्टे

श्रीमंतला अख्खी खटकचिंचोळी 'कामूनअण्णा' म्हणायची. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण खोटं नव्हतं. माणूस चहा प्यायला टेकला तरी त्याचा प्रश्न तयार. चहा कडेनं आधी कामून उकळायलाय? बैल पाणी पिताना कान कामून हलवायलाय? हुमनाबादच्या नाक्यावर पोलीस लाल गाड्याच कामून अडवायलेत? उत्तर मिळालं नाही तर हा बाबा दोन दोन दिवस त्यातच. बायको सत्यभामाबाई वैतागून म्हणायची, "अवं, जेवताना तरी डोस्कं बाजूला ठिवा की!"

बाकी माणूस सरळ. गुलबर्ग्याच्या एका डाळ मिलवाल्याच्या ट्रकवर अठरा वर्षं ड्रायव्हर होता. तुरीची डाळ हैदराबादेत टाकायची, येताना मिळेल तो माल भरायचा. अठरा वर्षांत अपघात सोडा, गाडीच्या बाजूचा आरसासुद्धा फुटला नव्हता. हे तो न विचारताही सांगायचा आणि लोकही पुन्हा पुन्हा ऐकून घ्यायचे, कारण त्याच्याजवळ फुशारकी मारायला तेवढंच होतं.

सन शहाऐंशीच्या डिसेंबरात त्यानं स्वतःची मालाची गाडी घेतली. कोरी करकरीत, गुलबर्ग्याच्या एजंटाकडून, बँकेच्या मदतीनं. भीमनगरात कुणाच्या दारात सायकलच्या वरचं वाहन उभं राहिलेलं नव्हतं. त्यामुळं पंधरा तारखेला दुपारी गाडी येणार म्हटल्यावर सगळं भीमनगर रस्त्यावर आलं. हलगी आणली, निळे झेंडे आणले. ठरलं असं, की गाडी आधी विहारापुढं न्यायची, वंदना घ्यायची, मग घरी. नारळबिरळ काही नाही.

आता गंमत बघा. त्याच दिवशी सकाळी विहाराच्या अंगणात सिमेंट ओतलं होतं. हे अंगण म्हणजे नागूबाईचा जीव. नागूबाई साठीच्या पुढची, एकटी, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली. दोन सुगी ती दारोदार फिरली, घरटी एकेक पायली ज्वारी मागितली, ती विकून सिमेंट आणलं. गवंड्यानं काम झाल्यावर कोपऱ्यात थापीच्या टोकानं तारीख कोरली: १५-१२-८६. वरून ओली पोती अंथरली, पोत्यावर पाचट पसरलं आणि तो जेवायला गेला.

श्रीमंत आला तो हवेतच होता. पुढं हलगी, दोन्ही बाजूंनी माणसं, "ये, ये, पुढं ये, अजून पुढं!" चार जण चार बाजूंनी हात हलवायलेत. पाचटाखाली काय आहे हे कुणाच्या ध्यानात नाही. गाडी फाटकातून सरळ आत गेली, पार टोकाच्या भिंतीपर्यंत. नागूबाई आतून पंचशीलाचं पुस्तक घेऊन बाहेर आली, तिनं बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की हलगीवाल्याचा हात वरच राहिला.

"आरं मुडद्या! माझं अंगण!"

अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकं रुतली होती. ओल्या पोत्यांची वीणसुद्धा त्यात उमटली होती. गाडी त्याच खाचांतून मागं काढली. गवंडी आला, डोक्याला हात लावून म्हणाला, आता काही होत नाही, सुकू द्या. श्रीमंतनं कान धरले, पाय धरले, सगळं अंगण मी नवं करून देतो म्हणाला. नागूबाई त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. पुढं बोलली, पण बोलणं न परवडण्यासारखं. दर रविवारच्या वंदनेला बायका अंगणात बसायच्या, गुडघे त्या खाचांत जायचे आणि नागूबाई मोठ्यानं म्हणायची, "बसा गं बसा, श्रीमंताच्या चाकोरीत बसा."

अंगण नवं झालं नाही, कारण गाडीनं श्रीमंतला श्वासच घेऊ दिला नाही.

पहिल्याच खेपेला त्याला काहीतरी खुपलं. रस्त्यावर गाडी सरळ चालवायची तर स्टेअरिंग जरासं डावीकडं दाबून धरावं लागायचं. सोडलं की गाडी उजवीकडं पळायची. हुमनाबादच्या धाब्यावर मागून आलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "काय अण्णा, तुमची गाडी खेकड्यावानी चालायलीय. तोंड एकीकडं आन चाल एकीकडं!" श्रीमंत हसला, पण चहा तसाच ठेवून उठला. तीन महिन्यांत टायरं एका अंगानं अशी झिजली, जशी कुणी कानशीनं घासून काढली. नवी घातली, तीही तशीच. भाडं मिळायचं ते टायरांत जायचं. मग माल देणारे कुरकुरायला लागले, गाडी रस्त्यात बसते म्हणून.

गावाला कारण लगेच सापडलं. नारळ फोडला नाही, लिंबू बांधलं नाही, लोखंडाची वस्तू अशी आणतात का? पारावरचे लोक तोंडावर म्हणायचे, आणि वाईट वाटून म्हणायचे, म्हणून तर जास्त लागायचं. एक दिवस श्रीमंतनं काय करावं? हुमनाबादेत एक लिंबू आणि सात मिरच्या घेतल्या, बंपरला बांधल्या. त्याचा विश्वास बसला होता असं नाही. त्याला बघायचं होतं. टायराच्या खाचेत आगकाडी घालून त्यावर नखानं खूण केली, तीन खेपा केल्या, पुन्हा आगकाडी घातली. टायर जेवढं आधी झिजत होतं तेवढंच झिजलं. मग त्यानं लिंबू सोडून डाळीत पिळलं आणि सत्यभामाबाईला सांगितलं, "लिंबाचा काई दोष न्हाई बग." हे नागूबाईच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यानं बायकोला चारदा बजावलं.

मग तो गेला शिवशरणकडं. शिवशरण म्हणजे हुमनाबादचा फिटर, बोलायला कमी, हात सोन्याचे. त्यानं गाडी सपाट फरशीवर घेतली. पुढून मागं दोन्ही बाजूंनी सुतळ्या ताणल्या, धुरीजवळ, म्हणजे चाकांच्या आसाजवळ, ओळंबे सोडले, खडूनं खुणा केल्या आणि पट्टी लावली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. मग गाडीखालूनच म्हणाला, "श्रीमंतण्णा, मागची धुरी वाकडी बसलीय."

"वाकडी म्हंजे?"

"उजव्या अंगाला एक इंच पुढं. स्प्रिंगच्या पाट्याचा ब्रॅकेट जिथं मारायचा तिथं मारलेलाच न्हाई. कंपनीचाच रिबीट हाय, रंगसुद्धा कंपनीचाच. चेसीच तशी आलीय. हे आपल्याच्यानं दुरुस्त व्हायचं न्हाई."

श्रीमंतला वाईट वाटण्याआधी आनंद झाला. खरंच झाला. इतक्या दिवसांच्या 'कामून'ला उत्तर मिळालं होतं. तोही गाडीखाली घुसला आणि तो एक इंच बोटानं चाचपून बघत पडून राहिला. इंचभर तर होतं. तेवढ्यानं एवढी मोठी गाडी खेकडा कशी होते, हे शिवशरणनं त्याला जमिनीवर काड्या मांडून समजावलं. "मागं एक इंच फिरलं की पुढं जाईस्तोर चार बोटं सरकायलंय बगा," शिवशरण म्हणाला. ते चार बोटांचं श्रीमंतच्या डोक्यात बसलं.

आता काम सोपं, असं त्याला वाटलं. गाडी कंपनीची, चूक कंपनीची, गाडी परत घ्या आणि पैसे द्या. भीमनगरातले भगवानराव मास्तर विहार समितीचे चिटणीस होते, त्यांचं इंग्रजी चांगलं. त्यांनी कंपनीला टाईप करून पत्र पाठवलं. उत्तर दीड महिन्यानं आलं. भगवानरावांनी ते आधी मनात वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"वाचा की मास्तर."

"श्रीमंत, ते म्हणतात की गाडी कारखान्यातून सरळ गेली होती. नंतर वजन जास्त भरलं असेल, नाहीतर..." मास्तर थांबले. "नाहीतर ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असेल."

श्रीमंत उठला. घरी येऊन अंगणात बसला. सत्यभामाबाईनं भाकरी वाढली तर म्हणाला, "आरसासुद्धा फुटला न्हाई गं माझ्या हातून." तिला कळलं. गाडी गेली तर दुसऱ्याची चालवील, अठरा वर्षं चालवलीच होती. पण हे कागदावर राहिलं तर हा माणूस आतून मोडेल, हे तिला तेव्हाच दिसलं. ती म्हणाली, "मग पुन्यांदा लिवा. गप बसायलाव कामून?"

त्यांनी लिहिलं. एक नाही, दहा पत्रं गेली. प्रत्येक उत्तरात तेच, फक्त सही वेगळी. शेवटी एका पत्रात विचारलं होतं, की गाडी पहिल्या दिवसापासून अशी होती, याला पुरावा काय? आणि पुरावा कुठून आणायचा? पहिल्या दिवशी धुरी कोण मोजतो? श्रीमंतनं डोकं खाजवून खाजवून केस कमी केले. गाडी तोवर दारात उभी राहायला लागली होती आणि बँकेचा माणूस गल्लीत दिसायला लागला होता.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात जयंतीसाठी विहाराला चुना मारला. रंगवणाऱ्यानं हात सैल सोडला होता. भिंतीपेक्षा जास्त चुना अंगणात. नागूबाईनं बादल्या ओतून अंगण धुतलं, वरचं वाहून गेलं आणि खाचांतला चुना तिथंच बसून वाळला. रविवारी वंदना चालू होती. बायामाणसं हात जोडून बसलेली, श्रीमंत शेवटच्या ओळीत. त्याचे डोळे मिटलेले असायला हवे होते. ते अंगणावर होते.

काळ्या सिमेंटवर पांढरे पट्टे, आखल्यासारखे. डाव्या बाजूला दोन. उजव्या बाजूला तीन.

कामून?

त्यानं पुन्हा मोजले. मागं जोडचाकं असतात, त्यांचे दोन पट्टे. पुढं एकच चाक, त्याचा माग मागच्या जोडचाकाखाली झाकून जायला पाहिजे. डावीकडं झाकला होता. उजवीकडं पुढच्या चाकाचा पट्टा बाहेर डोकावत होता. किती बाहेर? श्रीमंत बसल्या जागेवरून पुढं सरकला. दोन बायकांच्या मधून हात घातला आणि पट्ट्याच्या कडेला बोटं लावली. एक, दोन, तीन, चार.

"श्रीमंता!" नागूबाईनं गाथा मधेच सोडून आवाज दिला. "वंदना चालू हाय न्हवं? काय शोधायलास बायकांच्या पायात?"

श्रीमंत उठून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी यायलंय आणि माणूस हसायलाय, असं सगळ्यांनी बघितलं. "नागूअक्का," तो म्हणाला, "सापडलं! तुमच्या अंगणात सापडलं!"

वंदना पुरी झाल्यावर त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. गाडी शोरूममधून निघाली पंधरा तारखेला. अंगणात शिरली त्याच दिवशी, रिकामी, एक पोतं न भरता. आणि सिमेंट एकदाच ओलं असतं. नागूबाईनं नुसतं ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे माझं अंगण खराब केलंस ते बरंच केलंस म्हण की," आणि तरातरा आत गेली. ती रागावली की काय, कुणालाच कळलं नाही.

भालकीहून फोटोवाला आणला. त्याला विहाराच्या छपरावर चढवलं, वरून सगळे पट्टे आणि कोपऱ्यातली तारीख एकाच फोटोत यावी म्हणून. नागूबाईला बाजूला हो म्हटलं, ती होईना. "अंगण माझं हाय, मी हितंच बसनार." शेवटी अकराव्या पत्राबरोबर जो फोटो गेला त्यात पाच पट्टे होते, तारीख होती आणि मधोमध डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्याकडं रोखून बघणारी नागूबाई होती. पत्रात भगवानरावांनी लिहून टाकलं, की आता उत्तर आलं नाही तर हाच फोटो घेऊन आम्ही ग्राहकांच्या नव्या कायद्याखाली कोर्टात जाऊ. महिना झाला नाही तोवर कंपनीचा इंजिनिअर साहेब स्वतः जीपमधून आला.

साहेब साताऱ्याकडचा निघाला, मराठी बोलणारा. शर्टाला घडी, हातात पोलादी टेप. वाईट माणूस नव्हता, पण शिकवून पाठवलेला होता. अंगण बघून म्हणाला, "गाडी वळत असेल. वळताना चाकं अशी पडतातच."

श्रीमंत म्हणाला, "व्हय साहेब, पडतात. मग माग बी वाकडा पडतोय." त्यानं सुतळी काढली. एक टोक भगवानरावांच्या हाती दिलं, दुसरं आपण धरलं आणि पट्ट्याच्या कडेला लावली. पस्तीस फूट सुतळी आणि पस्तीस फूट पट्टा, मधे केसाचा फरक नाही.

"गाडी हीच कशावरून?"

गाडी फाटकाबाहेर उभीच होती. साहेबांनी स्वतः दोन्हीकडची चाकं मोजली, अंगणात मोजली. माप जुळलं.

"शोरूमपासून इथं येताना ठोकर बसली असेल."

तेव्हा हुमनाबादहून मुद्दाम बोलावलेला शिवशरण पुढं झाला. "साहेब, खाली या माझ्यासंगं." दोघं गाडीखाली गेले. बराच वेळ फक्त चार पाय दिसत होते. ब्रॅकेटचा रिबीट कंपनीचा, रंग कंपनीचा, कुठं तडा नाही, ओरखडा नाही. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. ते परत अंगणात गेले, खाली बसले आणि खाचेतल्या पोत्याच्या विणीवरून बोट फिरवत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "कमाल आहे."

"आहे की न्हाई?" श्रीमंत त्यांच्या शेजारी टेकला. तेवढ्यापुरतं भांडण विसरून दोघंही त्या पट्ट्यांकडं बघत होते, जसे एका वर्गातले विद्यार्थी.

पुन्हा दोन महिन्यांनी साहेब कागद घेऊन आले. कंपनी गाडी परत घेणार. गाडीची पूर्ण किंमत देणार, टायरांचा खर्चही देणार. विहारात सतरंजी टाकून सगळे बसले. भगवानराव वाचून मराठीत सांगत होते. श्रीमंत ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "ड्रायव्हरची चूक न्हवती, असं कुठं लिवलंय?"

साहेब ओशाळले. "तसं लिहिता येत नाही हो. कंपनी म्हणते, ग्राहकाशी संबंध चांगले राहावेत म्हणून गाडी घेतोय. चूक कुणाचीच नाही, असं धरायचं."

"आन ते आधीचं पत्र? निष्काळजी वालं?"

"ते फाईलला राहील. पण आता त्याला कोण बघतंय?"

श्रीमंतनं पेन हातात धरलं होतं ते खाली ठेवलं. सत्यभामाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला सगळं कळत होतं, पण बँक दारात होती. ती हळूच म्हणाली, "करा सही. आपल्याला ठावं हाय, तेवढं पुरं हाय." पुरं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. श्रीमंतनं सही केली. पेनाला टोपण लावलं आणि कागद साहेबांकडं सरकवला.

"आणि एक," साहेब उत्साहानं म्हणाले, कारण ही गोष्ट चांगली होती असं त्यांना मनापासून वाटत होतं. "तुमचं अंगण खराब झालंय. कंपनी ते पूर्ण उखडून नवीन करून देणार. मोझॅक फरशी, कंपनीच्या खर्चानं. पुढच्या आठवड्यात माणसं येतील."

विहारात कुजबुज झाली. मोझॅक! भगवानरावांनी नागूबाईकडं बघितलं. दीड वर्ष हिनं ह्या अंगणावरून श्रीमंतला सोलून काढलं होतं, आता हिच्या मनासारखं होणार होतं. नागूबाई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, बाहेर गेली, पट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली.

"साहेब, तुमच्या कागदावर लिवायला जागा न्हाई म्हंता," ती म्हणाली. "तर हितं लिवलेलं तेवढं ऱ्हाऊ द्या. आमच्या माणसाची चूक न्हवती, हे ह्या एकाच जागी लिवलंय. कुणी कुदळ लावली तर आधी माझ्या अंगाला लावावी लागंल."

साहेबांनी मान खाली घातली. श्रीमंत तिच्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं तिथंच, सगळ्यांच्या देखत, तोंडावर गमचा धरून रडून घेतलं. नागूबाई म्हणाली, "पुरं कर आता. बाईमाणसासारखा काय रडायलास?" आणि स्वतःच पदरानं डोळे पुसले.

गाडी गेली. पुढच्या वर्षी, बँकेचं मिटल्यावर, श्रीमंतनं दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. ह्या वेळी हलगी त्यानंच नको म्हणून सांगितलं. विहाराच्या फाटकाबाहेर गाडी उभी केली, चपला काढल्या आणि एकटा चालत आत आला. नागूबाई अंगण झाडत होती.

"गाडी बाहेर कामून ठिवलास?" तिनं विचारलं.

श्रीमंतनं अंगणातल्या खाचांकडं बोट दाखवलं. आज 'कामून' विचारणारी नागूबाई होती.

"घे आत," नागूबाई म्हणाली. ती घागर घेऊन फाटकाशी गेली, नव्या गाडीच्या चारी बाजूंच्या चाकांवर पाणी ओतलं आणि बाजूला उभी राहिली. श्रीमंतनं गाडी सरळ आत आणली, त्या जुन्या खाचांना बगल देऊन, पार भिंतीपर्यंत. खाली उतरला तोवर ती वाकून ओले पट्टे मोजायलाच लागली होती.

"हिकडं दोन," ती म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून पलीकडं गेली, पुन्हा वाकली, नीट बघितलं. "हिकडं बी दोन. जा, आता वंदनेला बस."